ओढा कुणाच्या हद्दीत येतो ते आता नका सांगू, एकत्र बसा : सोलापूर जिल्ह्यातल्या सगळ्या पालिका-पंचायतींना खुलं पत्र

नमस्कार,

हे पत्र कुणा एकाला नाही. सोलापूर महापालिका, बार्शी पंढरपूर अक्कलकोट सांगोला करमाळा मंगळवेढा कुर्डुवाडी मैंदर्गी दुधनी अशा नगरपालिका, माढा वैराग माळशिरस नातेपुते अशा नगरपंचायती, आणि जिल्ह्यातल्या हजारभर ग्रामपंचायतींचे सरपंच, सदस्य, ग्रामसेवक भाऊसाहेब, तुम्हा सगळ्यांना एकदम लिहितोय. कारण एकेका ठिकाणी जाऊन बघितलं, प्रत्येकाकडून उत्तर एकच आलं, "ते आमच्या हद्दीत येत नाही."

मी शहराला लागून असलेल्या एका गावात राहतो. घराखालीच शिलाईचं छोटं युनिट आहे, आठ मशिन आहेत, शाळेचे युनिफॉर्म शिवतो. आमच्या घरापासून अर्ध्या किलोमीटरवर ओढा आहे. ओढ्याच्या अलीकडे एक ग्रामपंचायत, पलीकडे दुसरी, आणि पुलाच्या वरच्या अंगाला थोडं गेलं की शहराची हद्द लागते. म्हणजे तिघांचीही शेवटची टोकं त्या पुलापाशी येतात, आणि तिघांचाही कचरा तिथंच येऊन पडतो. गुटख्याच्या पुड्या, थर्माकोलच्या पत्रावळ्या, कोंबडीची पिसं, डायपर, सलाईनच्या नळ्या, नारळाच्या शेंड्या, फुटलेल्या काचा. मे महिन्यात दुपारी तिथून गाडीवर जाताना लोक तोंडाला रुमाल बांधतात आणि पुलावर गाडीचा वेग वाढवतात.

गेल्या उन्हाळ्यात तिथं माझी गाडी पंक्चर झाली म्हणून थांबावं लागलं. खाली बघितलं तर बाभळीच्या काट्यांना कापडाचे तुकडे अडकलेले, निळे, खाकी, पांढरे. आणि त्यात एक चेक्स होता, मरून आणि राखाडी. तो चेक्स मी ओळखला, कारण त्या वर्षी तो मीच शिवला होता, एका शाळेचे चारशे स्कर्ट. ती माझीच कतरण होती. ट्रॉलीवाल्याला दर महिन्याला पैसे देऊन, गोणी बांधून, नीट हातात दिलेली. मला वाटत होतं की आपलं काम आपण केलं, पुढं ती कुठंतरी जात असेल. ती अर्ध्या किलोमीटरवर जात होती. त्या दिवशी पंक्चर काढून घरी आलो तरी जेवण गेलं नाही.

मग मी तिन्हीकडं गेलो. एका ठिकाणी म्हणाले आमच्याकडे ट्रॅक्टर एकच आहे आणि टाकायला जागा नाही, गायरान होतं त्यावर अतिक्रमण झालंय. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले आम्ही रोज उचलतो पण पलीकडचे लोक आमच्याकडे आणून टाकतात. तिसऱ्या ठिकाणी नकाशा काढून दाखवला, पूल आमच्यात येतो पण ओढा येत नाही. यात खोटं कुणीच बोलत नव्हतं हो, तेच मला जास्त लागलं. प्रत्येकजण आपापल्या कागदापुरता बरोबर होता आणि ओढा मात्र तसाच भरत चाललेला.

म्हणून एवढंच म्हणणं आहे की कचरा हा एकेकट्यानं निपटायचा विषयच नाही, निदान सगळा तरी नाही. ओला कचरा ज्याचा त्यानं गावातच जिरवावा, पण सुका कचरा आणि शेवटी जे उरतं ते चार-सहा गावांनी, दोन-तीन नगरपालिकांनी मिळून एका ठिकाणी न्यावं, खर्च वाटून घ्यावा. ही कल्पना माझी नाही, २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलेलंच होतं की ५० किलोमीटरच्या टप्प्यातली लहान-मोठी शहरं मिळून एकच शास्त्रीय भरावाची जागा, म्हणजे शेवटी उरलेला कचरा नीट पुरायची जागा, करू शकतात, खर्च वाटून, आणि ते जुळवून द्यायचं काम नगरविकास खात्याचं. पाच लाखांच्या आतल्या शहरांना अशी एकत्र जागा करायला तीन वर्षांची मुदत होती. २०१९ कधीच येऊन गेलं.

तुम्ही म्हणाल एकत्र यायचं म्हणजे कसं, राजकारण वेगळं, पार्टी वेगळी. पण आपल्या जिल्ह्याला हे शिकवायला बाहेरून कुणी यायला नको. दुधाचं बघा. गावात सकाळी सहाला डेअरीपुढं किटल्या घेऊन रांग लागते, कुणाचं दोन लिटर कुणाचं वीस, तिथं फॅट लागते, दर ठरतो, कूलरमध्ये जातं, टँकर येतो आणि चाळीस गावांचं दूध एका ठिकाणी पोचतं. दोन म्हशीवाल्यानं स्वतःचा दूध पावडरचा प्लँट काढावा असं कुणी म्हणतं का? उसाचं पण तेच, एकेका शेतकऱ्यानं आपापला कारखाना काढला नाही, शेअर घेतले, कार्यक्षेत्र ठरवलं, आणि जिल्हाभर धुराडी उभी राहिली. गावागावात पटत नसताना पण दूध आणि ऊस एकत्र जातो, मग कचऱ्यालाच हद्द का आडवी येते.

आणि दुधाची अजून एक गोष्ट घ्यायला पाहिजे, ती म्हणजे फॅट. पाणी घातलेलं दूध डेअरी घेत नाही, घेतलं तर दर पाडते. सुक्या कचऱ्याला पण तसंच करा. जे गाव वेगळा केलेला, कोरडा, स्वच्छ माल आणेल त्याला चांगला दर, जे उष्टं-खरकटं मिसळून आणेल त्याच्याकडून उलटे पैसे घ्या. काट्यावर वजन, पोतं फोडून तपासणी, लगेच पावती. महिनाभरात गावं आपोआप वेगळं करायला लागतील, भाषणं करायची गरज नाही.

आता थोडा हिशोब सांगतो, ढोबळच आहे. अक्कलकोट २०११ च्या जनगणनेला ४० हजारांचं शहर होतं. माणशी रोज पाव किलो धरला तर दिवसाला १० टन. मैंदर्गी आणि दुधनी दोन्ही दहा-बारा हजारांच्या घरातली, म्हणजे एकेकीचा अडीच-तीन टन, त्यातला सुका म्हटलं तर टनाच्या आसपास. आता एक टन सुक्या कचऱ्यासाठी शेड बांधा, गठ्ठे बांधायचं मशिन घ्या, काटा बसवा, माणसं ठेवा, कोणत्या नगरपालिकेला परवडणार? मशिन घेतलंच तर दिवसातून तासभर चालणार आणि मग गंजत पडणार, आणि तसं गंजलेलं मशिन आपण सगळ्यांनी कुठं ना कुठं बघितलंय. पण अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनी आणि त्या रस्त्यावरची गावं मिळून एक शेड केली की मशिन दिवसभर चालतं.

विकायचं झालं तरी तेच. पाण्याच्या बाटल्या भंगारवाला घरी येऊन नेतो, त्याचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो कुरकुऱ्याच्या पाकिटाचा, चपलेच्या सोलचा. हे कुणी विकत घेत नाही, पण सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून चालतं आणि आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात वाडी, सेडम, मळखेडला सिमेंटचे मोठमोठे कारखाने आहेत. पण ते तुमची एक ट्रॉली घेणार नाहीत. त्यांना कोरडा माल पाहिजे, एकसारखा पाहिजे, दर आठवड्याला ट्रक भरून पाहिजे. एकटं गाव वर्षाला एक ट्रक भरेल, पन्नास गावं मिळून आठवड्याला भरतील, बोलणी करायला पण ताकद येते.

पैसे नाहीत असं म्हणू नका, म्हणजे कमी आहेत हे मान्य, पण वाटून खर्च होतात म्हणून ते दिसत नाहीत. स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये आणि त्यापेक्षा मोठ्या गावाला माणशी ४५ रुपये अशी तरतूद होती. तीन हजारांच्या गावाला १ लाख ८० हजार. त्यात काय झालं? कचराकुंड्या आल्या, एखादी हातगाडी आली, एक खड्डा झाला, त्यावर बोर्ड लागला आणि फोटो गेला. तशी दहा गावं एकत्र आली असती तर १८ लाख होतात. त्याच योजनेत प्लास्टिकसाठी तालुक्याला एक युनिट, १६ लाखांपर्यंत, असं पण होतं. म्हणजे दिल्लीत बसून लिहिणाऱ्याला सुद्धा कळलं होतं की प्लास्टिक हे एका गावाचं काम नाही, तालुक्याचं आहे. वित्त आयोगाचा बंधित निधी असतो, म्हणजे ठरलेल्याच कामाला वापरायचा, त्यात स्वच्छतेचा वाटा राखलेला असतो, तो पण गटार आणि पेव्हर ब्लॉककडं सरकतो, हे ग्रामसभेत बसणाऱ्या प्रत्येकाला माहितीय.

जोड्या कशा लागतील ते जिल्ह्याच्या नकाशावर बघितलं तरी कळतं. अक्कलकोट-मैंदर्गी-दुधनी ही एक ओळ. पंढरपूर-मंगळवेढा-सांगोला हे त्रिकूट. बार्शी-वैराग. अकलूज, माळशिरस, नातेपुते, महाळुंग-श्रीपूर हे एक. शहर आणि उत्तर-दक्षिण सोलापूरची गावं, मोहोळची बाजू धरून, हे एक. करमाळा जरा बाजूला पडतं, ते कुर्डुवाडी-टेंभुर्णीकडं जोडायचं का ते तिथल्या लोकांनी बसून ठरवावं, मला तिकडचं एवढं कळत नाही.

ओला कचरा मात्र गाडीत घालून चाळीस किलोमीटर नेऊ नका, कृपा करून. त्यात निम्म्याच्या वर पाणीच असतं, म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहणं झालं. त्याचं खत गावात करा आणि गावच्या रानात घाला. आपल्याकडं डाळिंब आहे, द्राक्ष आहे, ऊस आहे, खताला गिऱ्हाईक नाही असं होऊच शकत नाही. पण एक सांगतो, सांगोला तालुक्यात आमच्या दाजींची डाळिंबाची बाग आहे. त्यांनी एका नगरपालिकेचं खत स्वस्त मिळतंय म्हणून ट्रॉली मागवली होती. आळ्यात खत भरताना मुठीत ब्लेडचा तुकडा आला, हाताला तीन टाके पडले. नंतर ढीग पसरून बघितला तर त्यात काचा, सॅशेच्या पट्ट्या, एका खेळण्याचं चाक. दाजींनी ट्रॉली परत पाठवली आणि भावकीत सगळ्यांना सांगितलं, हे खत कुणी घेऊ नका. सरकारनं शहरातल्या कचऱ्याच्या खताला हरित महासिटी कंपोस्ट असं नाव दिलंय, नाव चांगलंच आहे, पण शेतकरी नाव बघत नाही, मूठ उघडून बघतो. त्यामुळं खत तपासायची लॅब, चाळणी, हे पण जोडीनं करा. एकेका नगरपालिकेला रोज चाचणी परवडत नाही, चौघांना मिळून परवडते.

आता अवघड भाग. शेवटी जे उरतं ते टाकायचं कुणाच्या गावात? इथंच सगळं अडतं आणि अडणं बरोबर आहे. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला गेला, तिथल्या लोकांच्या विहिरींचं पाणी गेलं, रस्त्यावर उतरून गाड्या अडवायची पाळी त्यांच्यावर आली. ते बघितल्यावर आपल्याकडचं कुठलं गाव हो म्हणेल? मी सुद्धा माझ्या गावात नको म्हणेन. आपल्याकडं तुळजापूर रोडच्या कचरा डेपोच्या बाजूची माणसं काय सोसतात ते उन्हाळ्यात एकदा वारं तिकडून वाहायला लागलं की शहरालाही कळतं.

म्हणून जे गाव जागा देईल त्याला आधी लेखी द्या, नंतर नाही. तिथं मिसळलेला कचरा एक टिपर सुद्धा येणार नाही, फक्त सगळं काढून उरलेलं येईल. खाली लायनर, म्हणजे पाणी जमिनीत झिरपू न देणारं अस्तर, वरून रोज मातीचा थर, कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी गोळा करायची सोय. आजूबाजूच्या विहिरी-बोअरचं पाणी तीन महिन्यांला तपासून रिपोर्ट ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत, आणि शहराच्या कडेच्या गावांत कन्नड-तेलुगू बोलणारी घरं असतील तर त्यांना कळेल असा. टनामागे ठराविक रक्कम त्या गावाच्या खात्यात, दर महिन्याला, वाटणीतल्या प्रत्येक पालिकेनं दिली की नाही हे उघड. आणि सगळ्यात महत्त्वाचं, करार मोडला तर गेट बंद करायचा अधिकार त्या गावाच्या ग्रामसभेला. हे शेवटचं दिल्याशिवाय कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवू पण नये. गोव्यात साळगावला २०१६ मध्ये असा प्रकल्प सुरू झाला, उत्तर गोव्यातल्या किनारपट्टीच्या अनेक गावांचा कचरा एका बंदिस्त प्लँटमध्ये जातो. ते आपल्यापेक्षा श्रीमंत असतील पण कचरा तोच आहे, जाऊन बघून या, एसटीनं गेलात तरी चालेल.

ज्यांना अजून वाटतंय की आपलं आपण बघू, दुसऱ्याच्या कचऱ्याशी आपला काय संबंध, त्यांच्यासाठी नदीचं सांगतो. उजनीतून सोडलेलं पाणी पंढरपूरवरून, मंगळवेढ्याच्या बाजूनं खाली औजच्या बंधाऱ्यात येतं आणि टाकळीहून शहरासाठी उचललं जातं. चंद्रभागेच्या वाळवंटात वारी झाल्यावर जे राहतं त्याच्यावरून आलेलं पाणी सोलापूरकर पितो. आषाढीला लाखो माणूस एका लहान शहरात येतं, पंढरपूरची लोकसंख्या २०११ ला लाखाच्या पण आत होती, त्या नगरपालिकेनं एकटीनं ते निस्तरावं हे मागणंच चुकीचं आहे. वारीच्या आठ दिवसांसाठी बाकीच्या नगरपालिकांनी आपले टिपर आणि माणसं पाठवावीत, आणि सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला जानेवारीत पंढरपूरनं सोलापूरला पाठवावीत, असं ठरवून का होत नाही? प्रत्येकानं वर्षातल्या दोन यात्रांसाठी जास्तीच्या गाड्या घेऊन ठेवायच्या आणि उरलेलं वर्ष त्यांच्या टायरातली हवा जाऊ द्यायची, त्यापेक्षा हे बरं.

आणि सीना. २०२५ च्या सप्टेंबरला सीनेला जो पूर आला तो माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर सगळ्यांनी बघितला. पाणी ओसरल्यावर मी पाहुण्यांकडे चिखल काढायला गेलो होतो. नदीकाठच्या झाडांना माणसाच्या डोक्याच्या वर पिशव्या लटकत होत्या, हजारो, आणि उसाच्या सरीत चिखलाखाली प्लास्टिकचा थर. त्या पिशव्यांवर वेगवेगळ्या गावच्या दुकानांची नावं होती. पाहुणे एकेक पिशवी ओढून काढायचे आणि नाव वाचायचे, ही वरची, ही पण वरची. पुढं ते सगळं हत्तरसंग कुडलला भीमेत जातं, संगमावर, जिथं आपण मराठीतला जुना शिलालेख म्हणून पाहुण्यांना कौतुकानं दाखवायला नेतो.

कचरा उचलणाऱ्या माणसांबद्दल बोललो नाही तर हे पत्र अर्धं राहील. पहाटे पाचला पाठीवर पोतं टाकून निघणाऱ्या बायका आपल्या शहरात आहेत. कुठलं प्लास्टिक विकतं, कुठलं नाही, हे त्यांना हात लावून कळतं, ते कुठल्या सल्लागाराला कळत नाही. पुण्यात कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे, स्वच्छ नावाची, त्या घरोघरी जातात, घरटी पैसे घेतात, ओळखपत्र आहे. तुमची एकत्र शेड उभी राहील तेव्हा पहिलं काम या बायकांना द्या, बचत गटांना द्या, हातमोजे, बूट, पाण्याची सोय, बसायला सावली आणि ठरलेल्या तारखेला पैसे. एकच मोठं टेंडर काढून सगळं एका ठेकेदाराच्या हातात गेलं तर या बायका गेटच्या बाहेर राहतील, आणि वर्षभरात ठेकेदार बिल थकलं म्हणून गाड्या उभ्या करेल. हे झालेलं आपण बघितलंय.

माझ्या धंद्याचं पण मागणं आहे. हे शहर कापडावर जगतंय, चादर, टॉवेल, युनिफॉर्म. सुती कतरण गॅरेजवाले पुसायला घेतात, पण पॉलिस्टर मिक्स कुणी घेत नाही आणि युनिफॉर्म बहुतेक त्याचाच असतो. रात्री कुणीतरी ते पेटवतं आणि सकाळी वळलेला काळा गोळा राहतो, जनावरं हुंगून जातात. आमच्यासारख्या छोट्या युनिटवाल्यांकडून किलोमागे पैसे घ्या, आम्ही देऊ, आत्ता ट्रॉलीवाल्याला देतोच की. फक्त त्याच्या बदल्यात माल कुठं गेला याची पावती द्या.

तुम्ही लगेच कोट्यवधीचा डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, करा असं म्हणत नाही. एका गटापासून सुरू करा. त्या गटातल्या प्रत्येक पालिकेनं, प्रत्येक ग्रामपंचायतीनं एकच ठराव करावा, सारख्या शब्दांचा, की सुका कचरा आम्ही एकत्र देणार आणि वजनाप्रमाणे खर्च भरणार. जिल्हा परिषदेनं आणि जिल्हाधिकारी साहेबांनी गावांना आणि नगरपालिकांना एका टेबलावर बसवावं, कारण गावं एका खात्याकडं आणि शहरं दुसऱ्या खात्याकडं, त्यामुळं त्यांच्या बैठकाच कधी एकत्र होत नाहीत. आणि पहिली बैठक हॉलमध्ये नको. आमच्या पुलावर घ्या, सकाळी दहाला, खुर्च्या मी आणतो, चहा पण देतो, तिन्ही हद्दी तिथं उभं राहून दिसतात.

मी जूनपासून ट्रॉलीला कतरण देणं बंद केलंय. सुती वेगळी, मिक्स वेगळी, गोण्या शिवून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवतोय. आज सकाळी मोजल्या, ४३ झाल्या. शाळा सुरू व्हायच्या आधीचा सीझन आला की नवीन थान ठेवायला जागा राहणार नाही. तेवढं लवकर कळवा, या गोण्या कुठं पाठवू.

आपला,
हद्दीवरच्या गावातला एक युनिफॉर्म शिवणारा